येते म्हणा, बाई

गुरुवार, संध्याकाळ

माझ्या नातीला, रेश्माला, आणि मिरकरवाड्याच्या सलमाला जर्मनीची स्कॉलरशिप मिळाली. त्यांच्या रिटायर झालेल्या जर्मनच्या बाई आज पेढे घेऊन आल्या. दर गुरुवारी माझ्याच पडवीत शिकवायच्या. मी चौथी नापास, पण चहा देता देता ‘डांके’, म्हणजे थँक्यू, शिकले. आधी वाटायचं, पोरी दणके मागतायत. बाई त्यावर आजपण हसल्या.

उठताना मात्र म्हणाल्या, “जाते हो, आजी.”

मी म्हटलं, “असं काय बोलता, येते म्हणा.”

“आता कोणासाठी येऊ?”

“मी आहे की. चौथीच्या पुढचं शिकवा.”

“बरं, येते,” म्हणाल्या. पण ते ‘जाते’ अजून कानात बसलंय. रेश्मा तरी निघताना नीट म्हणेल ना?