घराचे कलम शेवटी

मी, श्रीमती पद्मावती बापूसो मगदूम, वय चौऱ्याहत्तर, व्यवसाय शिकवणे, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र आज राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉ. संयोगिता घोरपडे यांचा दाखला सोबत जोडला आहे. तपासताना त्यांनी मला सतराचा पाढा विचारला, मी एकोणतिसाचा म्हणून दाखवला. मला कोणी भरीस घातलेले नाही. हिला भरीस घालणारा अजून जन्माला यायचाय, असे माझे कैलासवासी पती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असत. याआधी मी एखादे मृत्युपत्र लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे.

मला दोन अपत्ये. थोरली ऐश्वर्या, वय एक्केचाळीस, अविवाहित. तिला लहानपणापासून फिट येतात. धाकटा अभिनंदन, त्याची शिरोलीत फौंड्री आहे. राजारामपुरीतले घर मी शिकवण्या घेऊन, माझ्या कमाईतून बांधले. त्याच्या खालच्या मजल्यावर, ज्या मुलांना नेहमीच्या शाळेत जाता येत नाही किंवा ठेवून घेतले जात नाही, त्यांचा वर्ग चालतो. माझ्यामागे घर कोणाचे आणि वर्गाचे काय, हा एकच प्रश्न आमच्या घरात दोन वर्षे धुमसतो आहे. अभिनंदनचे म्हणणे, घर बिल्डरला द्यावे, ताईला तो सांभाळेल. मागच्या दिवाळीत फराळ करता करता तो म्हणाला, "आई, ताईच्या नावावर घर करून उपयोग काय? उद्या सही करताना पडली म्हणजे?" ऐश्वर्या समोरच बसली होती. तिने त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

घराचे कलम शेवटी आहे. पाने उलटून आधी तिथे जाऊ नये.

कलम १. माझ्या कपाटात खालच्या खणात उजव्या पायाची एक कापशीची कोल्हापुरी चप्पल आहे. ती श्री. जोतीराम कदम, निवृत्त मुख्याध्यापक, हल्ली मुक्काम नेसरी, यांची आहे. त्यांच्या शाळेत मी नववी-दहावीला गणित शिकवत होते आणि ऐश्वर्या सातवीत होती. प्रार्थनेला ती फिट येऊन पडली. सर धावले, हे मान्य. पण त्यांनी पायातली चप्पल काढून माझ्या पोरीच्या नाकाला लावली, तीही सगळ्या शाळेसमोर. आपल्याकडे फिट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, त्यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. आठवडाभराने त्यांनी मला बोलावून तिचा दाखला हातात ठेवला. म्हणाले, "बाई, बाकीची पोरं भितात. तुम्ही समजून घ्या." मी समजून घेतले. दाखला घेतला, राजीनामा टेबलावर ठेवला आणि टेबलाखाली काढून ठेवलेली ती चप्पल उचलून घरी आले. सर त्या दिवशी एका पायाने अनवाणी गेले. त्यांनी ती कधी मागितली नाही, मी कधी दिली नाही. ती पॉलिश करून त्यांना पोचवावी. सोबत निरोप द्यावा की ऐश्वर्या एम.ए. झाली, इतिहास घेऊन, पहिल्या वर्गात.

कलम २. वर्गातल्या गाद्या, उशा, फळा, भिंतीवरचे घड्याळ आणि पुस्तकांची दोन कपाटे ऐश्वर्याला. आमच्याकडे बाके नाहीत. कोणी बसून शिकतो, कोणी पडून, आणि राजवीर चाकाच्या खुर्चीत. एक साहेब तपासणीला आले होते, त्यांना ते बघवेना. "मॅडम, ही काय शाळा म्हणायची?" म्हणाले. मी म्हटले, तुम्ही काहीही म्हणा, सातवीची भूमिती चाललीय, बसा. ते बसले, आणि चांगला तासभर बसले.

नव्या मुलाला पहिल्या दिवशी शिकवायचे ते ऐश्वर्याने ठरवलेले आहे, ते बदलू नये असे मला वाटते. कोणी पडले तर शेजारच्याने त्याला कुशीवर वळवायचे, डोक्याखाली टॉवेल द्यायचा, तोंडात काही घालायचे नाही. एकाने घड्याळाकडे बघायचे. पाच मिनिटांच्या वर गेले तर डॉक्टरीणबाईंना फोन. बाकीच्यांनी धडा चालू ठेवायचा, गर्दी करायची नाही. शुद्धीवर आला की "काय झालं रे" असे विचारायचे नाही. धडा कुठवर आला तेवढे सांगायचे. हे तिला कोणी शिकवलेले नाही. स्वतः पडून उठताना तिला जे हवे होते, ते तिने आमच्या वर्गाला दिले.

कलम ३. स्वयंपाकघरातली सगळी पितळी भांडी तानाबाईला. तानाबाई स्वयंपाकाला म्हणून आली आणि वर्गाची अर्धी मालकीण झाली. आमच्याकडे "बिचारा" हा शब्द वापरायला बंदी आहे. जो वापरेल त्याने त्या दिवशीची भांडी घासायची. देणगी द्यायला एक बडे गृहस्थ आले होते. दारातच "बिचारी पोरं" म्हणाले. सगळ्या मुलांनी एकदम तानाबाईकडे पाहिले. तिने मोरीकडे बोट दाखवले. गृहस्थ भले, बाह्या सरसावून बसले. कप विसळून उठायला लागले तसे तानाबाई म्हणाली, "पावणं, बशा ऱ्हायल्यात की. त्या काय आमी घासायच्या व्हय?" त्यांनी बशाही घासल्या, आणि देणगी दुप्पट दिली. तानाबाईला मात्र भांड्यांवरून कोणी एक अक्षर बोलू नये. बोललात तर तिची जीभ तुम्हाला ठाऊकच आहे.

कलम ४. बँकेतली माझी ठेव मुलांच्या परीक्षेसाठी. आमची मुले सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतात. ठेवीच्या व्याजातून त्यांची फी आणि राजवीरची रिक्षा भागवावी. क्रांती सुतार आमच्याकडे आली तेव्हा तिचे शिक्षण लग्नाने सुटले होते आणि काखेत तान्हे मूल होते. सासू फाटकापर्यंत भांडत आली होती. मूल तानाबाईच्या मांडीवर झोपायचे आणि क्रांती बीजगणित सोडवायची. आज ती नर्स आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी तीच सासू पेढे घेऊन आली आणि मला म्हणाली, "अक्का, आमची सून हाय ती." मला त्या दिवशी रडू आले, आणि ते मी लपवले नाही. मला या मुलांचा अभिमान आहे, भारी अभिमान आहे. तो कोणाच्याही नावे करता येत नाही म्हणून इथे नुसता लिहून ठेवते.

कलम ५. माझ्या माहेरकडून मला मिळालेली कुरुंदवाडची जमीन अभिनंदनला. नदीला पाणी आले की पिकाचे खरे नसते, पण माती जातिवंत आहे. त्याच्या बाबांची हत्यारांची पेटीही त्यालाच. बाळा, तू वाईट नाहीस. ताईवर तुझी माया आहे हे मला दिसते. ती पडली की तू तिला दोन्ही हातांनी उचलतोस. पण ती उठल्यावरही तू हात सोडत नाहीस, तेवढे शीक. आणि महिन्यातून एकदा वर्गात येऊन मुलांना साचा कसा करतात ते दाखव. मागे एकदा दाखवलेस, तर राजवीर आठ दिवस तेच बोलत होता.

कलम ६. आता घर. अमरसिंह वकिलांनी मला स्पष्ट सांगितले, "अक्का, मृत्युपत्रात घर ताईंना दिलंत तर आव्हान द्यायला वाव राहतो. निकाल लागेपर्यंत खाली कुलूप बसलं, तर पोरं कुठं जाणार?" म्हणून मृत्युपत्रात घर नाही. गेल्या महिन्यात मी ते बक्षीसपत्राने ऐश्वर्याला देऊन टाकले. नोंदणी झाली. प्रत्येक पानावर तिने पूर्ण नावाने सही केली, सावकाश, वळणदार अक्षरात. अभिनंदन, तुला हे आधी सांगितले नाही, कारण तू मला समजावत बसला असतास आणि मी तुझ्यावर चिडले असते.

वकील म्हणाले, निदान वर्ग चालू ठेवावा अशी एक अट तरी घाला. माझा जीव त्या वर्गात आहे, तरी मी नको म्हटले. तिला आजवर ज्याने ज्याने काही दिले, ते अट घालूनच दिले. बक्षीसपत्रात एकही अट नाही. घर विकावे, ठेवावे, वर्ग चालवावा, बंद करावा, तिची मर्जी.

नोंदणी कार्यालयातून घरी आलो. तिने कागद कपाटात ठेवले, किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि मला म्हणाली, "आई, तू हवी तितकी वर्षं राहा इथं. पण गणिताचा तास बुडवायचा नाही."

मी ते कबूल केले आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली. त्यांनीही माझ्यासमक्ष सह्या केल्या. दोघींनाही यातून काहीच मिळणार नाही, हे माहीत असूनही त्या चहाला थांबल्या.

सही: पद्मावती बापूसो मगदूम
राहणार, मुलीच्या घरी

साक्षीदार:
१. डॉ. संयोगिता विजयसिंह घोरपडे
२. क्रांती आकाराम सुतार, नर्स

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: ११ डिसेंबर २०२५