पार्वतीबाईंची उजवी दाढ

जरीपटका, नागपूर
मंगळवार

तीर्थस्वरूप शालिकराममामांना स्वानंदचा वाकून नमस्कार. पारशिवनीत सारे खुशाल असालच. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवा. इकडे तुमची भाचेसून मयुरा बरी आहे, मी अर्धा बरा आहे.

झालं असं, की होळीच्या आधी पार्वतीबाई नावाच्या बाई डावी दाढ दुखते म्हणून दवाखान्यात आल्या आणि मी उजवी काढली. (एक्स-रे उलटा धरला होता. बाई अं-अं करत होत्या. मी म्हटलं, घाबरू नका.) त्यांनी दंतवैद्यांच्या परिषदेकडे तक्रार केली. चौकशीला तिघं, तिघंही दाताचेच डॉक्टर, त्यातला सुशील तर माझ्या वर्गातला, म्हणून मी निर्धास्त. मयुरा म्हणाली, "आपलेच आहेत, म्हणूनच मले भेव वाटून राहिलं." तिचं म्हणणं काल चौकशीत पटलं. सुशीलने ओळखच दाखवली नाही. अध्यक्ष डॉ. गोपिकांनी एक्स-रे उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. पंधरा वर्षांचा माझा परवाना त्यांच्या दोन बोटांत लटकलेला, आणि डोक्यावर पंखा असून माझी कॉलर चिंब. तेवढ्यात पार्वतीबाई उठल्या. "तुम्ही सारे एकाच धंद्याचे. मले न्याय कोण देईन?"

"आम्हीच देऊ, बाई," डॉ. गोपिका म्हणाल्या. "एक्स-रे उलटा धरला, हे आम्हालेच समजते. आम्हीच झाकलं तर तुम्हाले कोण सांगन?" मग माझ्याकडे वळून, "बोला, डॉक्टर."

मामा, मी एक देखणी सबब पाठ करून गेलो होतो (दाढेची मुळं वाकडी होती, वगैरे). सुशील टेबलाकडे बघत होता. ती सबब तशीच सोडली. म्हणालो, एक्स-रे उलटा धरला, चूक माझी.

तीन महिने दवाखाना बंद. डावी दाढ सुशील काढेल, उजवीकडे नवा दात माझ्या खर्चाने. जाताना पार्वतीबाई म्हणाल्या, "कबूल तं केलं गा तू." घरी येऊन कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

तुमचा भाचा,
स्वानंद

ता. क. दवाखाना काहून बंद आहे असं गावात कोणी विचारलं, तर रंगकाम सुरू आहे म्हणा.

पुन्हा ता. क. नको, खरं तेच सांगा.

आणखी एक. दोन वर्षांमागे तुमची दाढ मीच काढली होती आणि तुम्ही 'दुखणं गेलं' म्हणाला होता. खरंच गेलं होतं, की भाच्याचं मन राखलंत? एक्स-रे असेल तर माझ्याकडे नको, थेट सुशीलकडे पाठवा.