गोदूताईंच्या जेवणाचा प्रश्न

१७ ऑक्टोबर २००४, रविवार
सदर बाजारातल्या साडीच्या दुकानात कामाला लागून महिना झाला. घरातली पहिली बी.ए. मीच, तेव्हा अन्याय दिसला की मलाच बोललं पाहिजे. माझ्यासोबतच्या सेल्सवाल्या गोदूताईंना शुगर आहे. वेळेवर जेवल्या नाहीत की चक्कर येते. आज गिऱ्हाईक उठेना, म्हणून संध्याकाळपर्यंत डबा बंदच. कायद्यात जेवणाला अर्धा तास आहे, जादा कामाला दुप्पट पैसे. उद्याच सेठजींशी बोलते.

१८ ऑक्टोबर
बोलले नाही. सेठजींचे नवरात्राचे उपास आहेत. उपाशी माणसाशी जेवणाचा विषय काढणं बरं दिसत नाही.

२३ ऑक्टोबर
दसरा झाला, आज बोललेच. गोदूताई आधीच अडवत होत्या, 'काहून भानगडीत पडतं, पोरी? सेठ काढून टाकीन तुले.' मी म्हटलं, रायपूर आता राजधानी आहे. शेजारच्या काउंटरवरची वनमाला म्हणाली, ती मंत्र्यांसाठी.
सेठजींनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, मी लीडर आहे म्हणाले आणि तिथल्या तिथे मला मॅनेजर केलं! संघर्ष चहा निवायच्या आत यशस्वी. बाबांनी अख्ख्या पाऱ्यात, सगळ्या मोहल्लाभर, पेढे वाटले.

२५ ऑक्टोबर
मॅनेजर म्हणून पहिली ऑर्डर: सगळ्यांना आळीपाळीने जेवणाचा अर्धा तास. दिवाळीपर्यंत ओव्हरटाइमचे पैसेही. सेठजी लगेच हो म्हणाले. मी घोषणा तयार ठेवल्या होत्या, त्या वाया गेल्या.
माझ्या ओव्हरटाइमचं विचारलं तर हसले. 'मैनेजर तो मालिक जैसा होता है, बिटिया. उसका कैसा ओवरटाइम?'
मालकासारखी! घरी दोनदा सांगितलं. आईने विचारलं, पगारही मालकासारखा का? आई शिकलेली नाही, तिला या गोष्टी कळायच्या नाहीत.

२८ ऑक्टोबर
व्यवस्था उत्तम. वनमाला जेवते तेव्हा तिच्या काउंटरवर मी. गोदूताई जेवतात तेव्हा त्यांच्या काउंटरवर मी. माझी पाळी कागदावर घालायची राहिली. किरकोळ चूक. उद्या दुरुस्त.

१ नोव्हेंबर
दुरुस्त केली. बसले, डबा उघडला. तेवढ्यात अभनपूरचं लग्नाचं गिऱ्हाईक आलं, गाडी भरून बायका. त्यांना मॅनेजरच हवी होती. अर्धं कपाट खाली काढलं, घेतला एक पेटीकोट. पण मॅनेजरने दाखवलेला.
भरला डबा परत का आला म्हणून आई रागावली. रिस्पॉन्सिबिलिटी, मी म्हटलं.

७ नोव्हेंबर, रविवार
दिवाळीची गर्दी. पैठणी दाखवताना माझं पोट इतक्या मोठ्याने गुरगुरलं की गिऱ्हाईक बाई दचकल्या. मी कपाटाकडे बघितलं, जणू तेच वाजलं.
गोदूताई आत बसून जेवत होत्या. वेळेवर. चेहरा किती छान दिसतो आता त्यांचा! हात धुऊन बाहेर आल्या आणि हळूच म्हणाल्या, 'मॅडम, आमच्यासाठी तुमी सेठले बोलल्या. आता तुमच्यासाठी कोणी बोलावं?'
या मुद्द्यावर माझे विचार अगदी स्पष्ट आहेत. सांगणारच होते, पण गिऱ्हाईक आलं.