रोजच्या कामाची ड्रिल

चि. मैत्रेयी,

शास्त्री नगरच्या खोलीवर सामान न्यायला तू दुपारी येशील, तेव्हा मी घरी नसेन. तुझी पेटी टेम्पोत चढताना मला बघवणार नाही.

टेबलावर नवी ड्रिल आहे, ती ने. काल चारदीवारीत, जुन्या शहराच्या बाजारात, जाऊन आणली. दुकानदाराने आधी विचारलं, "चलाएगा कौन, और रोज कितनी देर?" मी म्हटलं, "बेटी फर्निचर बनाती है, दिनभर." तो म्हणाला, मग घरगुती ड्रिल नेऊ नका. ती वर्षाकाठी चार भोकं पाडायला ठीक, रोजच्या कामात तिची मोटर जळते. हिची मोटर ब्रशलेस आहे, म्हणजे दिवसभर चालवूनही लवकर तापत नाही, आतले गिअर धातूचे आहेत, बॅटऱ्याही दोन आहेत.

दिवाळीत तुझी ड्रिल जळली, तेव्हा पाहुण्यांसमोर मी म्हणालो, "हिला हत्यार धरताच येत नाही." तू त्यानंतर माझ्याशी बोलली नाहीस. ती घरगुती ड्रिल मीच आणली होती, कारण तुझं काम मला नुसता छंद वाटायचं. चूक तुझ्या हाताची नव्हती गं.

भाजी-पोळी झाकून ठेवली आहे, खाऊन जा. घराची किल्ली मात्र ठेवून जाऊ नकोस.

— बाबा