पुढच्या खोलीतला ओदेलू

मी, गंधे अनसूयम्मा, कै. गंधे कोमुरय्या यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली सुईण, राहणार हनमकोंडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. एका बाबतीत ते अजून गोंधळलेलं आहे. ती बाब तिसऱ्या कलमात येईल.

१. घर माझ्या पगारातून बांधलेलं, माझ्याच नावावर. ते माझ्यामागे मुलगा वेणू याचं.

२. कानातली फुलं सुनेला. मोठा पितळी हंडा नणंद लक्ष्मम्मा १९८७ साली लग्नाला म्हणून घेऊन गेली. तो परत मागू नये. पण तो तिचा नाही, एवढं इथे नोंदवते.

३. पुढची खोली. १९९४ साली बाजारात आग लागून ओदेलू शिंप्याचं दुकान जळालं. यजमानांना तो अण्णा म्हणायचा; ते त्याला मशीनसकट घरी घेऊन आले. "चार दिवस राहील," म्हणाले. तो अजून आहे. यजमान गेले, त्यालाही सात वर्षं झाली.

गेल्या वर्षी वेणूने माझ्या नावाने खोली खाली करून घेण्याचा दावा लावला. आमच्या वकिलांनी मला पढवलं, "भाडं देत असेल तर तो भाडेकरू, कायदा त्याला सहजी हलू देत नाही. नुसत्या परवानगीने राहिला असेल, तर परवानगी काढली की त्याने निघायचं. तुम्ही सांगा, भाडं कधी घेतलंच नाही." ओदेलूच्या वकिलाने त्याला नेमकं उलटं पढवलं होतं.

कोर्टात मला विचारलं, "तुम्ही भाडं घेत होतात?" नाही म्हणायचं होतं. म्हटलं, "मला कळत नाही साहेब. दर दसऱ्याला घरादाराचे कपडे तोच शिवायचा, शिलाई घ्यायचा नाही. यांचं अर्धं अंग गेलं तेव्हा दोन वर्षं अंघोळ त्यानेच घातली. ते भाडं असेल, तर दिलंय त्याने." आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

मग ओदेलू उभा राहिला. न्यायाधीशांनी विचारलं, "भाडं किती द्यायचास?"

"छे हो. अण्णांनी एक पैसा घेतला नाही. राहा म्हणाले, राहिलो." त्याचा वकील मागून सदरा ओढत होता.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "अहो, तुम्ही दोघांनी वकिलांची अदलाबदल केलीत की काय?" सगळं कोर्ट हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जिन्यात मी त्याला म्हटलं, "येड्या, भाडं देत होतो म्हणाला असतास तर खोली वाचली असती."

"अण्णांनी माझ्याकडून भाडं घेतलं असं कसं सांगू, वहिनी? पण तुम्ही का असं बोललात?"

मला सांगता आलं नाही. आजही येत नाही. पुढच्या तारखेला मी दावा मागे घेतला. "अम्मा, तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस?" असं म्हणून वेणू तीन महिने माझ्याशी बोलला नाही. कोणाच्या बाजूने, तेही मला नीटसं सांगता आलं नसतं.

आता वकील म्हणतात, मी गेले की माझी परवानगीही गेली. वेणू त्याला दुसऱ्या दिवशी काढू शकेल. म्हणून लिहिते: ओदेलूने हयात असेपर्यंत त्या खोलीत राहावं. वेणूने भाडं मागू नये, ओदेलूने देऊ नये. भाडेकरू लिहू की परवानगीने राहणारा, यावर वकिलांनी आणि मी दोन दुपारी घालवल्या. शेवटी मी नुसतं नाव लिहिलं आहे.

४. बाळंतपणाची पिशवी आरोग्य उपकेंद्रातल्या सुईण स्वरूपाला. कात्री उकळून घे गं बाई, घाई करतेस.

साक्षीसाठी ओदेलू स्वतःहून पुढे आला. "मी करतो सही, मला येते."

वकील म्हणाले, "तुमची नको. ज्याला यातून काही मिळतं, त्याची साक्ष घेत नाहीत."

"मला काय मिळतंय?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघून लिहीत राहिले. तो भिंतीला टेकून बसला आणि गळ्यातली मापाची पट्टी काढून गुंडाळू लागला. गुंडाळून झाली की सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. शेजारच्यांना वकीलच बोलवून आले.

वरचं सगळं मी वाचून पाहिलं, मला मान्य आहे.

सही: गंधे अनसूयम्मा
साक्षीदार: १. तौटम जनार्दन, निवृत्त शिक्षक २. सय्यद खलील, औषधविक्रेते
हनमकोंडा, ९ नोव्हेंबर २०२३