देवाला दाखवलेली कॅप्सूल

चेरीताल, जबलपूर

तीर्थस्वरूप रत्नाकरकाका,

पाय दुरूनच शिवून अभिरामचा नमस्कार. तुमचे गुडघे, काकूंचा दमा आणि वर्ध्याच्या नळाचे पाणी, तिन्ही ठीक असतील असे धरून चालतो. (नुसते धरून चालणे मला जमत नाही, म्हणून उलट उत्तरी कळवावे.) फोनवरचा शब्द तुम्ही शब्द मानत नाही, म्हणून कागदावर लिहितो आहे. बी.ए.चे पहिले वर्ष मी अर्ध्यात सोडले याची आठवण तुम्ही दर दिवाळीला करून देता. पण भेडाघाटला मी संगमरवरावर नावाच्या पाट्या कोरतो, आणि तिथे एक वेलांटी चुकली तर अख्खी फरशी वाया जाते. तेव्हा शुद्धलेखनाची काळजी नसावी. काळजी बाबांची आहे.

बाबांचा मधुमेह माझ्याहून वयाने मोठा आहे, आणि घरात त्याचा मानही माझ्याहून मोठा आहे. गेल्या वर्षी बाबांचे वजन उतरू लागले. आम्हाला धास्ती वाटायला हवी होती, पण मोहल्ल्याला आनंद झाला. फॅक्टरीतले त्यांचे जुने सोबती देवदत्तकाका म्हणाले, ‘जगन्नाथ, तू तर हीरो दिसून राहिला बे!’ बाबा तेव्हा मेथी, कारले आणि जांभळाच्या बियांचा काढा घेत होते, त्यामुळे श्रेय काढ्याला गेले. सकाळी फिरणाऱ्या पेन्शनरांच्या मंडळाने ‘मी साखरेला कसे हरवले’ या विषयावर त्यांचे व्याख्यान ठेवले. बाबा एका हाताने माईक आणि दुसऱ्या हाताने पँट धरून बोलले. (पट्ट्याला नवी भोके मीच पाडली होती, पण तीही पुरेनात.) घरी त्यांच्या पोटाची काय अवस्था होती ते श्रोत्यांना माहीत नव्हते. काकूंनी पुढचा कंस वाचू नये. (पोट सदा फुगलेले, शौच तेलकट, तरंगणारे, बादल्या ओतल्या तरी न जाणारे.) व्याख्यान संपताच, आभार मानायच्या आधीच, बाबांना लगबगीने उठून घरी यावे लागले. अध्यक्षांनी ‘एवढा निरिच्छ माणूस मी पाहिला नाही’ असे सांगून त्यावर टाळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवसापासून अर्धे चेरीताल काढा पिऊ लागले. बारीक कोणीच झाले नाही, तर दोष त्यांच्या श्रद्धेला दिला गेला.

शेवटी मी बाबांना डॉ. यशश्री यांच्याकडे नेले. त्या इथे नव्याच आल्या आहेत, त्यामुळे त्यांना काढ्याची कीर्ती ठाऊक नव्हती. इतक्या दिवसांत कोणी विचारले नव्हते ते त्यांनी विचारले: हे इतके खातात, मग ते जाते कुठे? त्यांनी समजावले ते असे. पोटामागचे स्वादुपिंड दोन नोकऱ्या करते. एक इन्सुलिन बनवण्याची, दुसरी अन्न पचवणारा रस आतड्यात सोडण्याची. मधुमेहाच्या काही माणसांत ही दुसरी नोकरीही ढिली पडते, आणि सगळे जण पहिलीचीच चौकशी करत बसतात. शौचाची तपासणी झाली. (नमुना देण्यापेक्षा बाबांनी पुन्हा व्याख्यान दिले असते.) रस फारच कमी निघाला. मग त्या रसाची कॅप्सूल सुरू झाली, दर जेवणात पहिल्या घासाबरोबर घ्यायची.

इथे आईचा प्रवेश होतो. आपल्या घरी पहिला घास देवाचा असतो, हा नियम तुमच्याच आईने घालून दिलेला. कॅप्सूल पहिल्या घासाबरोबरची, म्हणजे ती स्वयंपाकात धरायची, असे आईने ठरवले आणि नैवेद्याच्या ताटात वरणभाताशेजारी ती ठेवू लागली. देवाला दाखवायची, चौफेर पाणी फिरवायचे, मग बाबांच्या ताटात. गुण आला. गाल भरले, पोट निवले, पट्ट्याची नवी भोके बेकार झाली. अन्न अंगी लागू लागले तशी साखर थोडी वर गेली. डॉक्टरांना ते अपेक्षितच होते, त्यांनी इन्सुलिन वाढवले. देवदत्तकाकांनी मात्र ही काढा सोडल्याची शिक्षा आहे असे जाहीर केले.

मग गेल्या आठवड्यात बाबा स्वतःच औषधाच्या दुकानात गेले आणि यात काय असते म्हणून सहज विचारून बसले. दुकानदार भैया म्हणाले, ‘अंकलजी, ये तो सूअर के पैंक्रियाज से बनती है. आपको मालूम नहीं था?’

डुकराचे स्वादुपिंड हे ऐकून बाबा घरी आले ते थेट देवघरासमोर बसले. स्वतःचे त्यांना फार वाटले नाही. देवाला रोज दोन वेळा काय दाखवले, या विचाराने त्यांना घाम फुटला. (साखर उतरली असेल म्हणून मी तपासली. नव्हती.) तेव्हापासून कॅप्सूल बंद आहे. डॉक्टर म्हणतात, याला भरवशाचा शाकाहारी पर्याय नाही, आणि असेच चालले तर माणूस भरल्या ताटावर बसून झिजत जाईल. पोट पुन्हा फुगू लागले आहे. आईने सगळे उपाय करून पाहिले. शेवटी ती चिडून म्हणाली, ‘काहून जी, देवाने इतके दिवस गुपचूप खाल्लं ना? त्याने काही म्हटलं काय? तुम्हीच काहून बोंबलून राहिले?’ बाबा म्हणाले, ‘तो देव आहे, त्याला पचते.’

बाकी इकडे सर्व क्षेम आहे. पत्र लिहिण्याचे विशेष असे काही कारण नाही. काकूंना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
अभिराम

ता. क. कारण आहे. बाबा म्हणतात, ‘दादा लिहून देईल तर घेईन, नाही तर नाही.’ घरात सोवळे-ओवळे तुम्हीच ठरवता. तेव्हा औषधाला दोष नाही, एवढे आपल्या हस्ताक्षरात, खाली सही करून पाठवावे. टपालाला वेळ लागतो आणि बाबांकडे वेळ कमी आहे, म्हणून स्पीड पोस्टाने.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी हे लिहितो आहे. आईने आज मुद्दाम पुरणपोळी केली, वर तुपाची धार. बाबांनी बराच वेळ ताटाकडे पाहिले, मग भिंतीकडे तोंड करून मला विचारले, ‘ती डबी कुठे ठेवली रे?’ घेतली. वर म्हणाले, ‘दादाचं पत्र निघालंच असेल.’ तेव्हा काका, परवानगी द्यावीच, फक्त तारीख कालची घालावी. आणि जमल्यास परवानगी दोघांच्या नावे असावी, कारण आईने आजची कॅप्सूलही आधी देवाला दाखवली.