तिसरं पान

४ फेब्रुवारी

चि. टाचणीस अनेक उत्तम आशीर्वाद,

पत्र लिहायला बसले आहे असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. बसले आहे मी, लिहिते आहे तुझी आई. तोंड माझं, हात तिचा. तिने आधीच बजावलंय, तुम्ही बोलाल ते शब्दाला शब्द लिहीन, माझ्या पदरचं एक अक्षर घालणार नाही. तू नवऱ्याचं घर सोडल्याला आठ महिने झाले, तेव्हापासून ती तुझं नाव घेत नाही. पण पोस्टमन दिसला की आधी तीच उठते. हे लिहू नकोस गं. लिहिलंस? बरं, राहू दे.

कोर्टाचा कागद हातात आल्याचं तू कार्डावर कळवलंस. दोन ओळी आणि पत्ता. वाण्याची यादीसुद्धा याहून मायेने लिहितात. सोफे दुरुस्त करायच्या कारखान्यात कामाला लागलीस, हेही त्यातच. टाचणी हे नाव मीच ठेवलं होतं तुला. बारीक, चकाकती, आणि नको तिथे सापडणारी. जन्मात एक भाकीत केलं, ते खरं ठरायला चौतीस वर्षं लागली. यावरून माझ्या बाकीच्या शहाणपणाचा अंदाज कर.

तब्येत म्हणशील तर गुडघे सोडून सगळं जागच्या जागी आहे. दात नाहीत, त्यामुळे शब्दही आता मऊच पडतात. इथे तुझी आई माझ्याकडे बघते आहे. माझी खुर्ची मात्र वैर धरून बसली आहे. मधली स्प्रिंग वर आली आहे, बसले की टोचते, उठायचं म्हटलं तर गुडघे आडवे येतात. वरच्या मजल्यावरचे कारकून म्हणाले, जुनी झाली, नवी घ्या. मी त्यांना विचारलं, तुम्ही निवृत्त झालात तेव्हा तुमच्या घरच्यांनी नवे का नाही घेतले? तुझ्या कारखान्यातल्या उस्तादांना विचारून बघ, या म्हाताऱ्या खुर्चीचं काही होईल का.

लांब पत्र लिही. लोभ माझ्याकडून भरपूर आहे, तुझ्याकडचा थोडा पाठव.

तुझी आजी

खाली अंगठा उमटवला आहे. शाई जास्त झाली, माझ्या नाकासारखाच पसरट आला.


१५ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

पसरट अंगठा पोचला. ओळखू आला.

कामाचं विचारतेस म्हणून सांगते. इथे जुना सोफा आला की त्याचं कापड फाडत नाहीत, उसवतात. एकेक तुकडा सुटा करायचा आणि कुठला कुठे जोडायचा ते कळावं म्हणून जोडाच्या दोन्ही कडांना सारख्याच खाचा पाडायच्या. एका जोडाला एक खाच, दुसऱ्याला दोन. मग तेच तुकडे नव्या कापडावर ठेवून कापायचं. मी पहिल्याच आठवड्यात खाचा पाडायला विसरले. टेबलावर अकरा तुकडे, आणि हात कुठला, पाठ कुठली, काही कळेना. उस्तादांनी विचारलं, लग्नही असंच उसवलं होतंत का? मी म्हटलं, हो, म्हणून तर अजून काही जुळत नाही. ते इतके ओशाळले की मला दोनदा चहा पाजला.

दुसरा पराक्रम मखमलीचा. तिला लव असते, वरून खाली हात फिरवला की ती निजते. दातांच्या डॉक्टरांच्या सोफ्यावर मी एक बैठक उलटी शिवली. तीन बैठका फिक्या, एक गडद, जणू दात काढायला आलेला कोणी भीतीने तिथे ओलं करून गेला. पेशंट उभेच राहू लागले, तेव्हा माझी चूक उघडकीला आली.

तर या पत्रालाही मी खाचा पाडल्या आहेत. पानं चार. पहिल्याच्या कडेला एक खाच, दुसऱ्याच्या दोन, अशा चारपर्यंत. तुला वाचता येत नाही, पण मोजता येतं. बोट फिरवून बघ.

हे तिसरं पान. आई, वाचते आहेस तू, म्हणून तुलाच सांगते, हे गाळू नकोस.

आजी, लग्नाच्या पहिल्या वर्षी तो बाहेरून कुलूप लावून कामाला जायचा. पुढे कुलूप सुटलं, पण नऊ वर्षांत त्या घराची किल्ली माझ्या हातात आली नाही. त्या पहिल्या वर्षी मी तुला तीन पत्रं लिहिली, खिडकीतून शेजारणीच्या हाती दिली. तिन्हींत एकच मागणं होतं, मला घेऊन जा. तिन्हींना उत्तर आलं, तुझ्या नावाने, आईच्या अक्षरात. सुरुवातीला असंच असतं, जमवून घे. खाली तुझा अंगठा. काय ऐकून उमटवला होतास तो? एवढं कळल्याशिवाय मी घरी यायची नाही.

चौथं पान हवापाण्याचं. हवा बरी आहे. माझ्या खोलीला किल्ली आहे, एकुलती एक, आणि आठवड्यातून तीनदा ती आत विसरून मी दार ओढून घेते. मला जिन्यात बघितलं की घरमालकीण न विचारता शिडी काढते. एकेकाळी आत कोंडलेली बाई आता स्वतःला बाहेर कोंडून घेते. याला प्रगती म्हण.

लोभाचं उत्तरावर ठरवू.

टाचणी


२८ फेब्रुवारी

चि. टाचणीस आशीर्वाद, जे काही माझ्या हातात उरले असतील ते,

चार पानं आली. खाचा मोजल्या. तुझ्या आईने पहिलं वाचलं, दुसरं वाचलं, आणि तिथून थेट चौथ्यावर गेली. मी म्हटलं, तीन खाचांचं राहिलं. ती म्हणाली, घसा बसला. मी ते पान मागून घेतलं, खुर्चीवर ठेवलं आणि वर बसले, कोंबडी अंड्यावर बसते तशी. दोन दिवस. खालून स्प्रिंग टोचत होती, मधे तुझं पान. कुठलं जास्त टोचत होतं ते सांगता यायचं नाही.

कारकून वाचून देतो म्हणाले. पण ते वाक्यागणिक ‘सदर’ घालतात, आणि तुझ्या दुःखाला सदर दुःख म्हणवून घ्यायची माझी तयारी नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी तुझी आई हात पुसत आली आणि समोर उभी राहिली. मी एका बाजूला कलले. तिने पान ओढून काढलं आणि उभ्या उभ्या वाचलं, कुठेही न अडखळता. जणू पाठ होतं.

आता तुझ्या प्रश्नाचं. त्या वेळी ती मला वाचून दाखवायची की तू मजेत आहेस, घर हवेशीर आहे, नळाला पाणी भरपूर आहे. तेवढं ऐकून मी उत्तरावर अंगठा दिला. लिही सूनबाई, थांबू नकोस, शब्दाला शब्द म्हणाली होतीस. पण टाचणे, सगळा दोष तिच्यावर टाकून मी मोकळी होईन, तर तसं नाही. तुझा कागद दोन्ही बाजूंनी गच्च भरलेला असायचा आणि वाचून संपायचा तेव्हा माझा सुईत दोराही ओवून व्हायचा नाही. एवढ्या शाईत नुसतं ‘मजेत आहे’ कसं असेल, हे मला कळत होतं. तिन्ही वेळा कळलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर उठून यावं लागलं असतं. मला वाचता येत नाही, ही सबब मी जन्मभर छत्रीसारखी वापरली. भांडणं, नोटिसा, नातेवाइकांची गाऱ्हाणी, सगळं तिच्यावरून ओघळून गेलं. तुझी पत्रंही.

आणखी एक आहे. तुझी आई या घरात नवी होती, तेव्हा तिनेही माहेरी एक पत्र लिहिलं होतं. पेटीत टाकते म्हणून मी ते घेतलं आणि चुलीत टाकलं. काय लिहिलंय ते मला वाचता आलं नाही, पण कागद मधे मधे ओला होता, तेवढं पुरलं. उत्तराची वाट बघून बघून ती थकली, तेव्हा मीच तिला सांगितलं, जमवून घे. तुला आलेले ते दोन शब्द मूळ माझे. तिने फक्त पुढे पाठवले. पत्र जाळल्याचं तिला आत्ता, लिहिताना कळतं आहे.

ती उठून बाहेर गेली होती. आता परत येऊन बसली आहे. डोळे लाल आहेत. हेही लिहिलं बघ तिने. हट्टी बाई.

लोभ ठेव असं कुठल्या तोंडाने सांगू? राग ठेवलास तरी पत्ता तोच ठेव.

आजी


९ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी चार दिवस मोठ्या कात्रीखाली दाबून ठेवलं. कोंबडीच्या ठिकाणी हसू आलं, पण हसले म्हणून सोडलं असं समजू नकोस. राग आहे. कुठे ठेवावा कळत नाही, खोली लहान आहे.

खुर्ची पाठव. उस्ताद म्हणतात, एक अख्खा नग एकटीने उसवून, कापून, शिवून दाखवलात तर पुढच्या महिन्यापासून तुम्ही कारागीर, नाहीतर टाचण्या वेचत राहा. तो नग तुझी खुर्ची असू दे. बिघडलीच तर गिऱ्हाईक ओरडेल, पण ते घरचं असेल.

मात्र ती मालवाहू गाडीवाल्याच्या हाती यायला नको. आई, हे तुला. स्वतः घेऊन ये. काय बोलायचं ते मला माहीत नाही, तुलाही नसेल. उसवताना खुर्ची धरून ठेवायला कोणीतरी लागतं, एवढं निमित्त पुरे. माझ्याकडे दुसरी गादी नाही, पण मी गाद्यांच्याच कारखान्यात आहे.

तुमची,
टाचणी


२ एप्रिल

चि. टाचणीस अनेक उत्तम आशीर्वाद,

हे पत्र वरचे कारकून लिहीत आहेत. त्यांनी आधी विषय विचारला. मी म्हटलं, विषय नात. त्यांनी तो वरती लिहून खाली रेघ मारली, मग मी नवा कागद आणायला लावला.

खुर्ची घेऊन तुझी आई गेल्याला सतरा दिवस झाले. जाताना म्हणाली, तीन दिवसांत येते. मी स्टुलावर बसते आहे आणि कोणालाच काही विचारत नाही, ती सवय आहेच. काल तुमचं पाकीट आलं. कारकुनांनी उघडलं, झटकलं, उजेडात धरलं. कागद नाही. माझ्या खुर्चीच्या जुन्या कापडाचे दोन तुकडे, एकमेकांना जोडलेले. ते म्हणाले, मजकूर नाही, सदर वस्तूस पत्र म्हणता येणार नाही. मी म्हटलं, गप्प बसा, मी वाचते आहे.

दोन्ही तुकड्यांना तीन-तीन खाचा होत्या, खाचेला खाच लागलेली. शिवणी दोन. एक सुतासारखी सरळ. ती तुझी, म्हणजे उस्तादांना आता टाचण्या वेचायला दुसरं कोणी शोधावं लागणार. दुसरी मधेच डुगडुगते आणि शेवटी वर चढते. तुझ्या शाळेच्या कपड्यांच्या सगळ्या शिवणी अशाच वर चढायच्या, मास्तरीणबाई म्हणायच्या की या मुलीची एक बाजू आखूड आहे. म्हणजे तुझी आई तिथे मशीनवर बसली आहे, आणि तू तिला बसू दिलंस. आणखी काय काय लिहिलं होतं ते सांगत नाही. चौऱ्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा मला आलेलं पत्र मी स्वतः वाचलं, थोडं माझ्याजवळ राहू दे.

तिला लवकर पाठवायची घाई करू नकोस. स्टूल मुळीच टोचत नाही. टोचतं, पण हे लिहू नका, असं मी कारकुनांना सांगितलं आहे. तेही लिहीत सुटले आहेत, या घरात बसणाऱ्या प्रत्येकाला हीच खोड लागते.

खुर्ची झाली की दोघी मिळून घेऊन या. पाकिटात या घराची किल्ली घातली आहे. ती तुझी, परत करायची नाही. आत विसरू नकोस, आमच्याकडे शिडी नाही.

लोभ तोच आहे, फक्त उसवून पुन्हा शिवलेला.

तुझी आजी

खाली अंगठा आहे. उमटवण्याआधी कारकुनांकडून पत्र दोनदा वाचून घेतलं, आणि ते वाचत होते तेवढ्यात माझा सुईत दोराही ओवून झाला.